न्या की घेऊन

६ मार्च

आज एका बाईंची वरची कवळी पूर्ण झाली. गुलाबी मेणात एकेक दात बसवताना मला नेहमी वाटतं, कुणाचं तरी हसू माझ्या चिमटीत आहे, आणि ते माणूस मला कधीच दिसणार नाही. डॉक्टरांकडून लॅबमध्ये येतो तो नुसता जबड्याचा ठसा, सोबत वय आणि दातांचा रंग. बाकीचं माणूस मी मनाने रचते. या बाईंना मी एक बाग दिली आणि बागेत एक हलणारी खुर्ची.

घरी आले तर वरच्या खोलीतल्या दोघी कोरियन मुली जिन्यात भेटल्या. धाकटी कमरेत वाकून म्हणाली, "आपण जेवलात का?" ती सकाळी विचारते, दुपारी विचारते, दारात चपला घालताना विचारते. राहायला आल्या तेव्हा मला वाटलं, पोरी उपाशी आहेत. आठवडाभर ताट वर पाठवत होते आणि त्या बिचाऱ्या संकोचाने सगळं संपवत होत्या. शेवटी आमची माऊ ओरडली, "आई, ते त्यांचं 'काय, बरं आहे ना' असतं गं!"

दोघी इथल्या विद्यापीठात आमची भाषा शिकायला आल्यात. बोलतात मात्र पुस्तकातून उतरल्यासारखं. धाकटी थोरलीला 'ओन्नी' म्हणते. ओन्नी म्हणजे मोठी बहीण, हेही माऊनेच सांगितलं. चेहऱ्यात काडीचं साम्य नाही, पण माऊचे बाबा, आमचे मास्तर, आणि त्यांची सख्खी बहीण तरी कुठे एकमेकांसारखे दिसतात?

माऊची शाळा संपली. पुढे काय, असं विचारलं की म्हणते, "बघू." माझं ठरलेलं आहे. पुलापलीकडचं तेच विद्यापीठ. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने यायचं, आणि माझ्यासमोर बसून जेवायचं. एकुलती एक लेक आहे. याहून जास्त मी काही मागत नाही.

१० मार्च

आज फजिती झाली. धाकटी हसताना दरवेळी तोंडावर हात धरते. लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझ्या मनात एकच येणार, समोरचा दात नाही. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "लाजू नकोस, मी असा दात करून देईन की सख्ख्या बहिणीलाही कळणार नाही." ती गोंधळली, मग तिने आ वासून दाखवला. मोत्यासारखे सगळे जागच्या जागी! माऊने कपाळावर हात मारला. "आई, त्यांच्याकडे हसताना मुली धरतात हात. पद्धत असते."

या पोरीला किती गोष्टी माहीत असतात.

पण हल्ली माऊसुद्धा हसताना तोंड झाकते. अक्कलदाढ येत असणार. टॉर्च घेऊन बघायला गेले तर पळाली.

येत्या रविवारी विद्यापीठ सगळ्यांसाठी खुलं असणार आहे. थोरली म्हणाली, "आपण सहकुटुंब यावे, आम्ही मार्ग दाखवू." मी माऊकडे भीतभीतच बघितलं, म्हटलं आता नाक मुरडणार. तर ती म्हणाली, "जाऊ या ना!" आणि मास्तरांनी, ज्यांना रविवारी उठवायला क्रेन लागते त्यांनी, लगेच बूट पुसायला घेतले. देव पावला म्हणायचं.

१७ मार्च

आजचा दिवस जसाच्या तसा उतरवून ठेवायचाय. पण डोळे मिटले की तो हलतो, पाण्यातल्या सावलीसारखा.

मास्तर गाडी चालवायला शिकवतात, म्हणून आमची गाडी म्हणजे त्यांच्या क्लासचीच. शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. तिथे वन्सं बसल्या. मी, माऊ आणि त्या दोघी मागे, डब्यात भरल्यासारख्या. पुलावर वन्संनी कचकन ब्रेक दाबला.

"ताई, पाय वर घे!"

"मग मला इथे बसवलंस कशाला? पायाखाली काही असलं की माणूस दाबणारच."

फाटकातून आत गेलो आणि शहराचा आवाज मागे राहिला. धुकं अजून उठलं नव्हतं. उंच झाडांची लांबलचक रांग, आणि वरून बारीक पांढरी फुलं गळत होती, अगदी हळू, जणू खाली यायचं की नाही ते त्यांचं ठरलं नव्हतं. त्या धुक्यातून मुलं खुर्च्या डोक्यावर घेऊन चालली होती. कुठून तरी कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं. मी माऊचा हात धरणार होते, पण ती पुढे निघून गेली होती.

वाट दाखवायला थोरली होती, पण पुढे माऊच. पाट्यांकडे न बघता झपझप वळत होती. दिशेची समज तिने बापाची घेतलीय. कँटीनचा माणूस दिसायला आंबट, पण फार लाघवी निघाला. माऊला बघून म्हणाला, "नेहमीचं ना?" आणि बिनसाखरेचा लिंबाचा चहा तिच्यापुढे ठेवला. मला आवडलं हे. पहिल्यांदा आलेल्या मुलीलाही आपलंसं करायचं म्हणजे बघा!

मग ग्रंथालय. छप्पर काचेचं, त्यातून उजेड थेट पुस्तकांवर पडत होता आणि वाचणारी मुलं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी शांत होती. मी कल्पनेत माऊला एका टेबलाशी बसवलं. खिडकीजवळ. उन्हं उतरली की ती पुस्तक मिटते, बस पकडते, घरी येते. किती वेळ मी तशीच उभी होते कोण जाणे.

पायऱ्या-पायऱ्यांचा एक मोठा वर्ग उघडा होता. मी सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. मास्तर थेट पुढच्या चौथऱ्यावर चढले आणि म्हणाले, "सर्वांनी सीटबेल्ट लावावेत." धाकटी हसून बाकाखाली जायची राहिली. वन्सं म्हणाल्या, "एवढा पसारा मांडलाय, पण संडास कुठे आहे ते कुणी लिहील तर शपथ!"

"डावीकडे, फळ्याच्या मागच्या दाराने," माऊ म्हणाली.

भाषांच्या इमारतीत कोरियन मुलामुलींनी एक खोली सजवली होती. थोरली-धाकटीच्या तिकडच्या विद्यापीठातल्या एक मोठ्या मॅडम आल्या होत्या. राखाडी कोट, कापलेले केस, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्या. त्यांना बघताच माऊ एकदम कमरेत वाकली. मला वाटलं, कानातलं पडलं. मीही वाकून फरशीवर शोधायला लागले. मॅडमना वाटलं मी नमस्कार करतेय, म्हणून त्याही वाकल्या. त्या वर यायला लागल्या तर मी अजून खालीच, म्हणून पुन्हा वाकल्या. आम्ही तिघी अशा किती वेळ होतो देव जाणे. शेवटी मास्तरांनी मला कोपर धरून उभं केलं.

मग मॅडम माझ्याकडे बघून हळू आवाजात बरंच काही बोलल्या. थोरलीने सांगितलं, "मॅडम म्हणतात, आपली कन्या फार गुणी आहे. त्या आपणास विचारतात, ही कन्या आपण आम्हास द्याल का?"

आता लेकीचं इतकं कौतुक झाल्यावर माणूस काय म्हणतं? तेच मी म्हणाले. "न्या की घेऊन! आजच न्या. घरात नुसता पसारा घालते. आणि परत आणून देऊ नका म्हणावं!"

मी हसले. थोरली क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तिने मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ मान खाली घालून उभ्या राहिल्या. हात उबदार होते. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा दिसलं, दात स्वतःचे आहेत, एका बाजूने झिजलेले. झोपेत दात आवळणारं माणूस. मला उगीचच भरून आलं. किती जीव लावतात ही माणसं, तेही दुसऱ्याच्या मुलीवर.

मास्तर छताकडे बघत होते. वन्सं म्हणाल्या, "दिलीस ना देऊन? आता रडायचं नाही." माऊ पांढरीफटक पडली होती. मग ती खोलीबाहेर पळाली.

तळ्याच्या काठी सापडली. हसत होती की रडत होती, ते तिलाही ठाऊक नसावं. माझ्या गळ्यात पडली.

"आई, खरंच?"

"खरंच म्हणजे? सगळ्यांसमोर बोलले ना."

"तुला चालेल?"

"मला का नाही चालणार? पहिल्यापासून हेच तर माझ्या मनात होतं."

तिला इतकं घट्ट धरून किती वर्षं झाली होती! तळ्यात ढग होते. म्हणजे तिला हे विद्यापीठ आवडलं. माझी माऊ इथेच शिकणार, आणि मी एका शब्दानेही जबरदस्ती केली नाही.

१८ मार्च

लॅबमध्ये दिवसभर गुणगुणत होते. साहेब म्हणाले, "लॉटरी लागली का?" म्हटलं, "तसंच समजा."

२१ मार्च

घर कसं हलकं झालंय. माऊ स्वतःहून भांडी घासते. काल विचारत होती, अंडं नेमकं किती उकडायचं, भाताला पाणी किती, शर्टाचं बटण कसं लावायचं. म्हटलं, "आत्ताच कशाला हे सगळं? रोज घरीच जेवणार आहेस." तिने माझ्याकडे बघितलं आणि खो-खो हसली, मी मोठा विनोद केल्यासारखी. मग डोळे पुसत आत गेली. मुलींचं हे वय असंच.

वन्संनी आपली ती जाड लोकरी शाल तिला देऊन टाकली. मागे एकदा मी नुसती अंगावर घेऊन बघितली होती तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या. आणि आता ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर हे औदार्य! वय झालं, दुसरं काय.

२३ मार्च

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

आज मास्तर गाडी धूत होते. मी आतून काचा पुसायला बसले. ते बाहेरून फडकं फिरवत होते, मी आतून, एकाच काचेवर, समोरासमोर. अचानक म्हणाले, "एक सांगू? तू इतक्या सहज हो म्हणशील असं वाटलं नव्हतं."

मी काच पुसत राहिले. नेहमीप्रमाणे त्यांना बोलू दिलं.

"तीन आठवडे मी शब्द जुळवत होतो. माऊला म्हटलं, तू बोलू नकोस, मी बोलतो. आणि माझी जीभच उचलेना. चार वर्षं म्हणजे काय थोडी झाली? दुसऱ्या देशात, एवढ्या थंडीत. मी तर रोज रात्री ते विमान उडवायचो आणि रोज परत उतरवायचो."

काचेवर माझ्या हाताखाली एक गोल झाला होता. मी तोच पुसत होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते एका शिकाऊ मुलाला विद्यापीठाच्या कोपऱ्यावर वळण शिकवत होते. माऊचा हिशेबाचा क्लास असायच्या वेळी माऊ त्या दोघींबरोबर रस्ता ओलांडताना दिसली. "मी असा ब्रेक मारला की तो पोरगा म्हणाला, सर, माझं काय चुकलं?" कितीतरी महिने ती तिथे कोरियन शिकत होती. तिकडे शिकायला जायची एकच जागा होती, त्यासाठी ती परीक्षा देऊन बसली होती आणि जागा तिलाच मिळाली होती. मॅडम आल्या होत्या त्या आई-बापांचा शब्द घ्यायला. त्याशिवाय मुलीला नेणार नाही म्हणाल्या होत्या.

"आधी विश्वासात घ्यायला हवं होतं तुला. रागावलीस?"

"नाही."

"तू म्हणालीस ना, परत आणून देऊ नका म्हणावं... मी वरच बघत राहिलो. खाली बघितलं असतं तर डोळ्यांतलं सांडलं असतं."

मी म्हटलं, "हं." त्यांना वाटलं, मलाही भरून आलंय. ते आत आले, सीटवर बसले आणि ओल्या हाताने माझा हात धरला. त्या काचेतून सगळं फार स्वच्छ दिसत होतं.

२४ मार्च

मी चेष्टा केली होती.

एवढंच सांगायचं. बोलण्याची रीत असते आपल्यात. म्हणून कुणी खरंच लेकरू उचलून नेतं का? कोणीही समजून घेईल. चेष्टेला कोण धरून बसतं?

आणि राग. तो वर वर येतोय. सगळ्यांना माहीत होतं! वन्संनासुद्धा. कँटीनवाल्यालासुद्धा! पुरं विद्यापीठ माझ्या मुलीला ओळखत होतं आणि मी टॉर्च घेऊन तिची अक्कलदाढ शोधत होते.

पहाटे स्वप्न पडलं. तेच धुकं, तीच झाडं. गळणारी फुलं पायाखाली वाजत होती, दात वाजावेत तशी. मॅडम माझ्यापुढे ओंजळ धरून उभ्या होत्या आणि मी पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होते. पिशवीला तळच नव्हता.

२५ मार्च

लॅबमध्ये खालची कवळी वरच्या साच्यावर बसवत बसले होते. साहेबांनी हातातून काढून घेतली. "आज कुठे आहात तुम्ही?"

उद्या वर जाते. थोरलीला सांगते, मॅडमना कळव म्हणावं. माऊशी मी बोलेन. रडेल, आठवडाभर जेवणार नाही, मग जेवेल.

२६ मार्च

वर गेले. जिन्यात सगळी वाक्यं म्हणून बघितली होती.

थोरली एकटीच होती. तिने चहाचा कप दोन्ही हातांनी पुढे केला. मी सुरुवात कुठून करावी म्हणून विचारलं, "धाकटी बहीण कुठे गेली?"

"ती माझी बहीण नाही," ती म्हणाली. "आमच्यात वयाने मोठ्या मुलीला ओन्नी म्हणतात. आपली कन्याही मला ओन्नीच म्हणते."

मग आपणहून आपल्या आईबद्दल बोलू लागली. आईचं कपडे धुण्याचं, इस्त्रीचं दुकान आहे. ही इकडे यायला निघाली तेव्हा आई शेवटपर्यंत नाहीच म्हणत होती. निरोप द्यायलाही आली नाही, शर्टांना इस्त्री करत राहिली. आता फोन करते तर एकच विचारते, जेवलीस का? ही हो म्हणते. मग दोघी गप्प. थोड्या वेळाने फोन बंद.

"त्या रविवारी मी आईस आपल्याविषयी सांगितलं," थोरली म्हणाली. "इथे एक आई आहे, तिला एकच कन्या आहे, आणि ती हसत म्हणाली, घेऊन जा. आई पुष्कळ वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन बंद झाला. नंतर तिने विचारलं, तिथे झाडं कोणती आहेत?" तिने माझ्याकडे बघितलं. "जेवणाव्यतिरिक्त प्रथमच काही विचारलं. मी तिला त्या पांढऱ्या फुलांचं सांगितलं. उद्या पुन्हा सांगणार आहे."

चहा निवला होता. मी तो एका घोटात प्यायले.

"आम्ही मैत्रिणीच्या आईला ओमोनी म्हणतो. ओमोनी म्हणजे आई. आपणास म्हटलं तर चालेल?"

"म्हण की," मी म्हणाले. "आणि मला ते आपण-बिपण नको. तू म्हण."

ती गोरीमोरी झाली. आईला तू म्हणायचं तिच्या जिभेवर येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि दोघींनाही हसू फुटलं.

खाली आले. जे सांगायला गेले होते ते तोंडातच राहिलं.

२८ मार्च

अजूनही सांगता येईल. जायला अवकाश आहे. रोज सकाळी उठल्यावर हे एकदा मनात म्हणते, आणि मग चहा टाकते.

३१ मार्च

दुपारी मी आणि माऊ वाटाणे सोलत बसलो होतो. वन्सं आत झोपलेल्या, मास्तर क्लासवर. खिडकीतून वारा येत होता आणि सालं पंख असल्यासारखी टेबलावर सरकत होती.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"तू नक्की कधी ठरवलंस, हो म्हणायचं?"

आता. हीच वेळ होती. याहून सोपी पुन्हा आली नसती. मी तिच्याकडे बघितलं. तिची बोटं सोलायची थांबली होती आणि चेहरा असा उघडा होता, की मी म्हणेन ते त्यावर उमटणार.

आणि मला आठवलं, त्या रविवारी लिहिता लिहिता एक गोष्ट मी मुद्दामच टाळली होती. भाषांच्या इमारतीबाहेर मी पायरीवर टेकले होते. मास्तर वन्संना घेऊन मागे राहिले होते. तेव्हा झाडांच्या रांगेतून कोरियन मुलींचा एक घोळका आला. मधली मुलगी उलटी चालत होती, बाकीच्यांकडे तोंड करून, हातवारे करत काही सांगत होती, त्यांच्या भाषेत, भराभर. केसांत फुलं पडली होती आणि तिला पत्ता नव्हता. मला वाटलं, कुणाची असेल ही मुलगी? एवढी मोकळी. कसल्या घरात वाढत असेल? मला त्या न बघितलेल्या आईचा हेवा वाटला. मग ती वळली, आणि ती माऊ होती.

त्या रात्री ते लिहायला धजले नाही. आपलं मूल आपल्याला ओळखू येऊ नये, हे कागदावर कसं घालायचं?

"तू झाडांखालून येत होतीस," मी म्हणाले. "मैत्रिणींबरोबर. उलटी चालत. आधी मला ओळखूच आली नाहीस. म्हटलं, किती छान मुलगी आहे. आणि मग बघितलं तर तू. तेव्हा ठरवलं."

"म्हणजे मॅडमनी विचारायच्या आधीच?"

"आधीच."

ती खुर्ची सरकवून माझ्या अगदी शेजारी आली आणि माझ्या पुढ्यातले वाटाणे सोलायला लागली. खांद्याला खांदा लागला होता. वाटाणे टपटप पातेल्यात पडत राहिले.

तिला तसं सांगितलंय. तेव्हा आता ते तसंच झालं होतं, आधीच ठरवलेलं; चेष्टा नव्हतीच.